तंबूमागचं इंजिन: जत्रेतल्या सिनेमाला वीज कुठून यायची?

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज दोन पॉइंट खाली घ्या. का, ते भागाच्या शेवटी कळेल. आणि ऐकण्याऐवजी इथं वाचत असाल, तर काहीच करू नका. निवांत वाचा.

आजचा भाग सुचला एका फजितीतून. गेल्या हिवाळ्यात मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीवर गेले होते. आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, मुलाखत रेकॉर्ड करायची होती. माईक लावला, फोन चार्जिंगला लावला, आणि पाचव्या मिनिटाला लाईट गेली. फोनमध्ये नऊ टक्के. पॉवर बँक पुण्यात, टेबलावर. मी चिडचिड करत अंगणात येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात आबा म्हणाले, "पोरी, तुमची लाईट जाती. आमच्या धंद्यात लाईट असायचीच न्हाई. आम्ही ती ट्रकात घालून न्यायचो."

शेवटी काकानं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून दिला आणि मुलाखत झाली. पण आबांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. लाईट ट्रकात घालून न्यायची, म्हणजे नेमकं काय करायचं?

आबा 1967 ते 1981 असे चौदा हंगाम एका तंबू टॉकीजमध्ये कामाला होते. प्रोजेक्टरवर नाही, तिकीट खिडकीवर नाही. इंजिनावर. दिवाळी सरली, जत्रा सुरू झाल्या की निघायचं आणि पावसाच्या तोंडावर घरी यायचं. तंबू टॉकीजबद्दल बोलताना आपण पडद्याबद्दल बोलतो, रीळांबद्दल बोलतो, फार तर प्रोजेक्टरबद्दल. 2016 साली शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट कानच्या महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा आपल्याकडच्या फिरत्या टॉकीज जगाला दिसल्या. आज मी तुम्हाला तंबूच्या मागे नेणार आहे. अंधारात, जिथं ते इंजिन धडधडत असायचं.

आधी हाताचा सिनेमा

सुरुवातीपासून बघू. 7 जुलै 1896. मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंचा चलतचित्रांचा खेळ झाला. भारतातला हा पहिला. त्यानंतर थोड्याच वर्षांत सिनेमा तंबूत शिरला. कलकत्त्याच्या मैदानावर जे. एफ. मदन यांनी 1902 मध्ये तंबूत बायोस्कोप सुरू केला. अब्दुलअली इसूफअली हा सुरतेचा माणूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आग्नेय आशियात आणि मग भारतभर तंबू घेऊन फिरत होता. त्याच्या तंबूत एका वेळी हजारभर माणसं बसायची, असं सिनेमाच्या इतिहासात नोंदलेलं आहे.

आता विचार करा, त्या काळी मैदानात वीज कुठली? पण मूकपटाला विजेवाचून फारसं अडायचं नाही. फिल्म पुढे सरकवायला हाताने फिरवायचं हँडल चालायचं. उजेडासाठी जगभरातले फिरते खेळवाले लाइमलाइट वापरायचे. म्हणजे चुन्याच्या तुकड्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची ज्योत सोडायची. चुना तापून पांढराशुभ्र झगमगायचा. आपण एखादा माणूस 'लाइमलाइटमध्ये आला' म्हणतो ना, तो हाच चुना. आधी नाटकाच्या रंगमंचावर आणि मग सिनेमात. मूकपटात हँडल थोडं हळू फिरलं तरी काय व्हायचं? पडद्यावरची माणसं जरा संथ चालायची, एवढंच.

मग आला आवाज.

14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात 'आलम आरा' लागला. पुढच्याच वर्षी, 1932 मध्ये, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि सिनेमा मराठी बोलायला लागला. शहरातल्या थिएटरांसाठी ही मोठी बातमी होती. तंबूवाल्यांसाठी मात्र ते एक नवं संकट होतं. कारण बोलपटाला दोन गोष्टी लागतात आणि दोन्हींना वीज हवी. एक, आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. आणि दोन, फिल्मचा पक्का वेग. सेकंदाला 24 चित्रं, म्हणजे मिनिटाला 90 फूट फिल्म. यात हात चालत नाही. हात दमतो, आणि हात दमला की गाणं बेसूर होतं.

म्हणजे बघा, गावाला खांबावरची वीज मिळण्याच्या कितीतरी आधी गावाला बोलपट हवा होता. लोक थांबायला तयार नव्हते. मग वीज सिनेमाबरोबर प्रवासाला निघाली.

पंचवीस बॅटऱ्या की पाच लिटर डिझेल?

इथं थोडं गणित करू. घाबरू नका, सोपं आहे.

प्रोजेक्टरमध्ये तेव्हा बल्ब नसायचा. दोन कार्बनच्या कांड्या एकमेकींजवळ आणून त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवायची. तिला आर्क म्हणतात. कांड्या जळत जळत आखूड होतात, म्हणून ऑपरेटर त्या मधून मधून पुढे सरकवत राहतो. हा आर्क, प्रोजेक्टरची मोटर, अँप्लिफायर, तंबूतले चार दिवे असं सगळं धरलं तर साधारण तीन किलोवॅट. तीन तासांचा पिक्चर म्हणजे नऊ किलोवॅट-तास, आपल्या वीजबिलाच्या भाषेत नऊ युनिट.

तुमच्या फोनमध्ये 5000 एमएएचची बॅटरी असेल तर तिच्यात जवळपास 19 वॅट-तास मावतात. म्हणजे तंबूतला एक खेळ चालवायला साडेचारशेहून जास्त फोनच्या भरलेल्या बॅटऱ्या लागतील!

तेव्हा फोन नव्हते, पण मोटारीच्या बॅटऱ्या होत्या की. शिसं आणि अॅसिडवाली बॅटरी काही नवी नाही, गास्ताँ प्लाँते या फ्रेंच माणसानं ती 1859 मध्येच बनवली होती. मग टॉकीजवाले बॅटरीवर खेळ का नाही करायचे? पुन्हा गणित. 12 व्होल्ट, 60 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 720 वॅट-तास. पण ही बॅटरी तळापर्यंत पिळली की लवकर मरते. निम्मीच वापरायची म्हटलं तर एका खेळाला पंचवीस बॅटऱ्या. रात्री दोन खेळ असले तर पन्नास. आणि सकाळी त्या चार्ज कुठं करणार? जिथं वीजच नाही तिथं?

डिझेलचं तसं नाही. लहान इंजिन-जनरेटरला तेवढ्याच कामाला चार-पाच लिटर डिझेल पुरतं. एका कॅनमध्ये मावतं. गणित इथं संपतं आणि इंजिन सुरू होतं.

हे इंजिन शेतकऱ्याच्या ओळखीचं होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्यात खडकीला सुरू झाली आणि विहिरीचं पाणी उपसायला तिची इंजिनं गावोगाव गेली. इंग्लंडची लिस्टर इंजिनंही होतीच, मिनिटाला साधारण साडेसहाशे फेरे घेणारी, संथ, जाडजूड. ज्या जातीचं इंजिन दिवसा उसाला पाणी पाजायचं, त्याच जातीचं इंजिन रात्री जत्रेत हिरो-हिरॉइनला नाचवायचं. फरक एवढाच की इथं पट्टा पंपाऐवजी जनरेटरला लावलेला असायचा. आणि बिघाड झाला तर ते दुरुस्त करणारा माणूस जवळपासच्या कुठल्याही बागायती गावात मिळायचा. टॉकीजवाल्यांना ही गोष्ट सोन्यासारखी होती.

गाणं अर्ध्या सुरानं खाली

मी आबांना विचारलं, "इंजिन चालू करून दिलं की तुमचं काम संपलं ना? मग आत जाऊन पिक्चर का नाही बघायचा?"

आबा हसले. म्हणाले, "मी हललो तर बाई रेडा व्हायची."

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं आणि मी नंतर त्यामागचं विज्ञान बघितलं. जनरेटर किती वेगानं फिरतो त्यावर विजेची फ्रिक्वेन्सी ठरते. आपल्याकडे ती 50 हर्ट्झ असते. प्रोजेक्टरची मोटर या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते. इंजिन दमलं, वेग पडला, 50 चे 47 झाले, की मोटर हळू, फिल्म हळू आणि आवाज जाड. किती जाड? हिशोब केला तर जवळजवळ अर्धा सूर. म्हणजे लताबाईंचं गाणं पेटीवरची एक पट्टी खाली उतरणार. आणि पब्लिकला ते गाणं रेडिओवर ऐकून पाठ! लगेच शिट्ट्या, लगेच आरडाओरडा.

इंजिनाला गव्हर्नर असतो, तो डिझेल कमी-जास्त करून वेग सांभाळतो. पण जुनं इंजिन, धुळीनं भरलेला फिल्टर, पातळ झालेलं ऑइल, सैल पट्टा, यातलं काहीही बिघडलं की गव्हर्नरच्या हातात फार काही उरत नाही. मग माणूसच गव्हर्नर होतो. आबा तीन तास त्या इंजिनाच्या शेजारी बसायचे, एक कान इंजिनाकडे आणि हात थ्रॉटलजवळ.

जरा लांब बसता आलं नसतं का? इंजिन तंबूपासून लांब ठेवायचंच, नाहीतर त्याच्या आवाजात संवाद ऐकू येणार नाहीत. पण जितकं लांब, तितकी केबल लांब. केबल लांब झाली की वाटेत व्होल्टेज पडतं. ते पडू द्यायचं नसेल तर जाड तांब्याची केबल हवी, आणि तांबं महाग. म्हणून इंजिन मधल्या अंतरावर यायचं, पब्लिकला फार त्रास होणार नाही इतकं लांब आणि मालकाला फार खर्च होणार नाही इतकं जवळ. त्या अंतरात एका माणसाचे कान होते. ते कुणाच्याच हिशोबात नव्हते.

पण आबांना पिक्चर अजिबातच कळायचा नाही असं नाही. टॉकीजमध्ये प्रोजेक्टर एकच. एक रीळ संपली की आर्क बंद करून दुसरी चढवायची. आर्क बंद झाला की इंजिनावरचा भार एकदम उतरायचा आणि इंजिन क्षणभर सुसाट पळायचं. पुन्हा आर्क लागला की घोगरं व्हायचं. दोन हजार फुटांची रीळ साधारण बावीस मिनिटं चालते. आबा ते धक्के मोजायचे. "चौथा धक्का झाला की मध्यंतर. सातव्याला रडारड. आठव्याला लग्न न्हाईतर मरण."

चौदा वर्षं माझ्या आजोबांनी पिक्चर असे बघितले.

एक रात्र

आबांनी एका रात्रीची गोष्ट सांगितली. साल 1970 च्या आसपासचं. मोठी जत्रा, तंबू खचाखच. सहा-सातशे माणूस, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बापे, पुढे पोरं. पिक्चर होता 'सांगत्ये ऐका'. अनंत माने यांचा हा 1959 चा सिनेमा पुण्यात विजयानंद टॉकीजला 131 आठवडे चालला होता आणि जत्रेत पुढे कितीतरी वर्षं गर्दी खेचत होता.

ऐन मध्यावर इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. शेतकरी याला 'इंजिननं एअर धरला' म्हणतात. सगळीकडे काळोख. आत सातशे माणसं, लहान पोरं रडायला लागलेली, आणि बाहेर पडायला वाट एकच. कुणीतरी दगड भिरकावला. मालक धावत आला. तिकिटाचे पैसे परत द्यायची वेळ आली तर त्या जत्रेची सगळी कमाई जाणार होती. पण आबा म्हणतात, त्यांना पैशांची भीती वाटली नाही. चेंगराचेंगरीची वाटली.

हवा काढायची म्हणजे पंपाजवळचा नट सैल करायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत ते वाहू द्यायचं, नट आवळायचा आणि मग हँडल मारायचं. हातात दोन सेलांचा टॉर्च, तोही पिवळा पडलेला. आबांनी बुडबुडे बघितले नाहीत, अंगठ्यावर ओळखले. घाईत हँडल मारलं आणि इंजिननं उलटा झटका दिला. हँडल मनगटावर बसलं. दुसऱ्यांदा त्यांनी डाव्या हातानं मारलं. इंजिन लागलं.

तंबूत दिवे आले, शिट्ट्या पडल्या, पिक्चर सुरू झाला. आबा उरलेला खेळ तिथंच बसून राहिले. सकाळी हाडवैद्याकडे गेले. त्यांचं उजवं मनगट आजही थोडं वाकडं आहे. मला लहानपणापासून वाटायचं, ते तसंच असतं.

बॅटरीचे रविवार

1980 नंतर टीव्ही, मग व्हिडिओ आला आणि तंबूचा धंदा बसायला लागला. आबा 1981 ला कायमचे घरी आले. पण विजेनं त्यांना सोडलं नाही.

आमच्या गावठाणात खांब आले होते, वस्त्यांवर नव्हते. आणि 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. तेव्हा छोटे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मिळायचे, 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे. टॉकीजला बॅटरी परवडत नव्हती, ते गणित मघाशी केलं ना? टीव्हीला मात्र फार तर तीस वॅट लागायचे. आता गणित उलटं फिरलं. एक बॅटरी, निम्मी वापरली तरी बारा तास!

आबांनी गावठाणातल्या भावाच्या घरी चार्जर बसवला. शनिवारी सायकलच्या कॅरिअरला बांधून वस्त्यांवरून बॅटऱ्या यायच्या, रविवारी पहाटे परत जायच्या. डिस्टिल वॉटर घालायचं, ग्रीस लावायचं. चार्जिंगच्या खोलीची खिडकी उघडी ठेवायची आणि बिडी कुणीही पेटवायची नाही, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. आमच्या घरच्या प्रत्येक विजारीला अॅसिडची भोकं होती, असं आई सांगते.

रामायण जुलै 1988 मध्ये संपलं. आमच्या वस्तीवर खांब त्यानंतर सहा वर्षांनी आला.

आणि आता

आज हे सगळं किती सोपं झालंय बघा. 1991 मध्ये सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं. आता एका माणसाला उचलता येईल अशा पेटीत एक युनिट वीज मावते. अडीचशे वॅटचा डिजिटल प्रोजेक्टर त्यावर एक अख्खा पिक्चर दाखवतो. ना धूर, ना आवाज, ना शेजारी बसलेला माणूस. उन्हात सोलर पॅनल टाकलं की दुसऱ्या दिवशी पेटी पुन्हा भरते.

हे चांगलंच आहे. मी 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांतली नाही. पण कॅम्पिंगला, लग्नाला, गणपतीला कुठंही भाड्याचा जनरेटर चालू दिसला तर एवढं बघा की तो बंद खोलीत किंवा मंडपाच्या आत नाही ना. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो. आणि त्याच्या शेजारी कुणी पोरगा बसलेला असेल तर त्याच्या कानांकडे बघा.

कारण आता ते सुरुवातीचं राहिलेलं सांगते. आबांना ऐकू येत नाही. साठीच्या आतच कमी यायला लागलं होतं. सलग आठ तास ऐकायला 85 डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते आणि पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. उघडं डिझेल इंजिन जवळून ही रेषा सहज ओलांडतं. आबा तिथं चौदा हंगाम बसले. आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की आज जगातल्या शंभर कोटींहून जास्त तरुणांचे कान मोठ्या आवाजामुळे धोक्यात आहेत. आपलं इंजिन आपण स्वतःच कानात घालून फिरतोय. म्हणून म्हटलं, आवाज कमी करा.

मागच्या वर्षी आम्ही आबांना श्रवणयंत्र घेतलं. त्यात शर्टाच्या बटणापेक्षा लहान सेल असतो, झिंक-एअर नावाचा, 1.4 व्होल्टचा. त्यावर एक चिकटपट्टी असते. ती काढली की सेलमध्ये हवा शिरते आणि सेल जागा होतो. आबांना याचं फार कौतुक. "आमच्या इंजिनात हवा शिरली की बंद पडायचं. ह्यात हवा शिरली की चालू होतंय."

मुलाखतीनंतर, लाईट अजून आलेली नव्हती, तेव्हा मी फोनवर त्यांना 'सांगत्ये ऐका' लावून दिला. पहिल्यांदाच ते तो बघत होते. अंधारात तेवढाच उजेड, त्यांच्या तोंडावर. मी शेजारी बसले होते. वीसेक मिनिटं झाली असतील, आबांनी एकदम मान वर केली आणि मागे वळून अंधारात बघितलं.

"काय झालं आबा?"

"काय न्हाई," ते म्हणाले. "हितं रीळ बदलायची."

तर मंडळी, तुमच्या घरात कुणी बॅटऱ्या वाहिल्या असतील, इंजिनाला हँडल मारलं असेल, गॅसबत्ती भरली असेल, तर त्यांना आज विचारा. फोन चार्ज करून जा, आणि पॉवर बँक विसरू नका. भेटू पुढच्या भागात!